महिलांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा (१९२१ ते १९३८): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑलिम्पिकमध्ये महिलांना धावायला १९२८ मध्ये मिळालं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याआधीच्या सात वर्षांत महिलांनी स्वतःची संघटना, स्वतःचे नियम, स्वतःची विक्रमवही आणि स्वतःच्या जागतिक स्पर्धा उभ्या केल्या होत्या, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. त्या स्पर्धांचे निकाल वाचताना जे गोंधळ नेहमी होतात, ते लक्षात घेऊन पुढचे प्रश्न निवडले आहेत.

पहिली स्पर्धा नेमकी कोणती?

२४ ते ३१ मार्च १९२१ या काळात मोनॅकोतल्या माँटे कार्लो इथे झालेलं ‘महिला ऑलिम्पियाड’. जागा स्टेडियमची नव्हतीच. तिथल्या प्रसिद्ध कॅसिनोच्या बागेत, कबुतरं टिपण्याच्या नेमबाजीसाठी राखलेल्या मैदानावर शर्यती झाल्या. फ्रान्स, ब्रिटन, इटली, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड या पाच देशांतल्या सुमारे शंभर जणी आल्या होत्या. आयोजनामागे दोन माणसं होती: फ्रान्समधल्या महिला क्रीडा संघटनेच्या अध्यक्ष आलीस मिलिया आणि मोनॅकोच्या इंटरनॅशनल स्पोर्टिंग क्लबचे कामिय ब्लां.

अंतरं पाहिली की आजचा वाचक अडखळतो: ६० मीटर, २५० मीटर, ८०० मीटर, ७४ मीटर अडथळे, ४×७५ आणि ४×१७५ मीटर रिले. शिवाय उंच उडी, लांब उडी, गोळाफेक, भालाफेक. १०० आणि २०० मीटरचा साचा महिलांसाठी अजून ठरायचा होता. ब्रिटनच्या मेरी लाइन्सने ६० आणि २५० मीटर जिंकले, तर ८०० मीटर फ्रान्सच्या ल्यूसी ब्रेआरने. ८०० मीटर पहिल्याच स्पर्धेत होती, हे ध्यानात असू द्या. पुढे त्याच शर्यतीवरून रण माजलं.

मग १९२२ च्या पॅरिस स्पर्धेला ‘पहिली’ का म्हणतात?

कारण मालिका दोन आहेत आणि लेखांमध्ये त्या सर्रास एकमेकींत मिसळल्या जातात.

मोनॅकोची मालिका: १९२१, १९२२ आणि १९२३, तिन्ही वसंत ऋतूत. या निमंत्रितांच्या स्पर्धा होत्या.

जागतिक मालिका: १९२२ पॅरिस, १९२६ गोथेनबर्ग, १९३० प्राग, १९३४ लंडन. या आंतरराष्ट्रीय महिला क्रीडा महासंघाच्या, म्हणजे फ्रेंच आद्याक्षरांनी एफएसएफआयच्या, अधिकृत स्पर्धा. ऑलिम्पिकसारखंच चार वर्षांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं.

म्हणजे १९२२ या एकाच वर्षात एप्रिलमध्ये मोनॅकोत आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला अशा दोन मोठ्या स्पर्धा झाल्या. ‘१९२२ च्या महिला ऑलिम्पिकमध्ये’ अशी सुरुवात असलेलं वाक्य दिसलं की आधी महिना बघावा. भरीला ४ ऑगस्ट १९२४ रोजी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर तिसरंच एक ‘महिला ऑलिम्पियाड’ झालं. ते वरच्या दोन्ही मालिकांत बसत नाही. त्याला वृत्तपत्रांचा आश्रय होता.

आलीस मिलिया कोण होत्या?

जन्म नाँत शहरात, १८८४ मध्ये. पेशाने भाषांतरकार, खेळाने नौकापटू. पॅरिसच्या ‘फेमिना स्पोर्ट’ या क्लबातून त्या पुढे आल्या. १९१७ मध्ये फ्रान्समधल्या महिला क्रीडा क्लबांचा महासंघ स्थापन झाला आणि १९१९ मध्ये त्या त्याच्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी त्यांनी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या मैदानी स्पर्धा घ्याव्यात अशी मागणी केली आणि ती फेटाळली गेली. कूबेर्तां हे ऑलिम्पिक चळवळीचे प्रमुख. महिलांनी जाहीर स्पर्धेत उतरण्यालाच त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

मिलियांचा खरा गुण चिकाटीपेक्षा कारभारातला होता, असं त्यांचं काम पाहून म्हणावंसं वाटतं. नकार आल्यावर त्या निषेधाची पत्रं लिहीत बसल्या नाहीत. ३० ऑक्टोबर १९२१ ला पॅरिसच्या पर्शिंग स्टेडियमवर फ्रान्सविरुद्ध इंग्लंड असा महिलांचा सामना झाला. त्यासाठी परदेशी प्रतिनिधी शहरात आलेच होते. दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, एफएसएफआयची स्थापना झाली.

स्वतंत्र महासंघाची गरज काय होती? नुसत्या स्पर्धा भरवून चाललं नसतं का?

नसतं. शर्यत कुठेही लावता येते. पण विक्रम ‘विश्वविक्रम’ ठरायला कुणीतरी तो नोंदवून घ्यावा लागतो, अडथळ्याची उंची आणि गोळ्याचं वजन सगळीकडे एकच असावं लागतं, आणि कोणत्या देशाचा संघ खरा हे ठरवणारं कुणीतरी लागतं. पुरुषांच्या बाबतीत हे काम १९१२ पासून आंतरराष्ट्रीय हौशी ॲथलेटिक महासंघ, म्हणजे आयएएएफ, करत होता. महिलांचे विक्रम तो लिहूनच घेत नव्हता. एफएसएफआयने ही वही उघडली आणि वाटाघाटीच्या टेबलावर बसायला महिलांकडे काहीतरी आलं. पुढच्या पंधरा वर्षांतला सगळा झगडा ही वही कुणाच्या हातात राहणार याचाच आहे.

१९२२ च्या पॅरिस स्पर्धेत काय काय झालं?

तारीख २० ऑगस्ट १९२२, जागा पर्शिंग स्टेडियम, सगळे ११ प्रकार एकाच दिवसात. देश पाच: ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, चेकोस्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड. खेळाडू ७७. प्रेक्षकांचा आकडा २०,००० सांगितला जातो.

विजेत्या अशा:

- ६० मीटर: मारी मेझ्लीकोवा, चेकोस्लोव्हाकिया, ७.६ सेकंद
- १०० यार्ड: नोरा कॅलबाउट, ब्रिटन, १२.०
- ३०० मीटर: मेरी लाइन्स, ब्रिटन, ४४.८
- १००० मीटर: ल्यूसी ब्रेआर, फ्रान्स, ३ मिनिटं १२.० सेकंद
- १०० यार्ड अडथळे: कॅमिल साबी, अमेरिका, १४.४
- ४×११० यार्ड रिले: ब्रिटन, ५१.८
- उंच उडी: हिल्डा हॅट (ब्रिटन) आणि नॅन्सी व्होरीस (अमेरिका), दोघी १.४६ मीटर
- लांब उडी: मेरी लाइन्स, ५.०६ मीटर
- जागेवरून लांब उडी: कॅमिल साबी, २.४८५ मीटर
- गोळाफेक, दोन्ही हात मिळून: ल्यूसिल गॉडबोल्ड, अमेरिका, २०.२२ मीटर
- भालाफेक, दोन्ही हात मिळून: फ्रान्चेस्का पियांझोला, स्वित्झर्लंड, ४३.२४ मीटर

सांघिक गुणांत ब्रिटन पहिला, अमेरिका दुसरा. अमेरिकेचा संघ बोटीने अटलांटिक ओलांडून आला होता. गॉडबोल्ड ही साउथ कॅरोलायनातल्या विन्थ्रॉप कॉलेजची विद्यार्थिनी. तिकडे मात्र शिक्षणक्षेत्रातल्या काही प्रभावी मंडळींनी पुढच्याच वर्षापासून मुलींच्या चुरशीच्या स्पर्धांविरुद्ध मोहीम उघडली. त्या मंडळींत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या स्त्रियाही होत्या, हा या इतिहासातला न आवडणारा पण खरा भाग आहे.

२०.२२ मीटर गोळाफेक? १९२२ मध्ये?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. ही एका फेकीची लांबी नाही. खेळाडू आधी एका हाताने फेकायची, मग दुसऱ्या हाताने. दोन्ही हातांच्या सर्वोत्तम फेकींची बेरीज म्हणजे निकाल. २०.२२ ची सरासरी काढली तर प्रत्येक हाताला १०.११ मीटर येतात. प्रत्यक्षात सरावाच्या हाताची फेक जास्त आणि दुसऱ्याची कमी असणार. भालाफेकीच्या ४३.२४ चंही तसंच. शरीर दोन्ही बाजूंनी सारखं घडावं, हा त्यामागचा त्या काळचा विचार. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्याही दोन हातांच्या फेकी झाल्या होत्या, तेव्हा हा प्रकार खास बायकांसाठी काढलेला नव्हता.

दुसरी अडचण गोळ्याच्या वजनाची. तेव्हाचा गोळा ८ पौंडांचा, म्हणजे सुमारे ३.६३ किलोचा, आजचा महिलांचा गोळा ४ किलोचा. त्यामुळे १९२२ चा आकडा अर्धा करूनही तो आजच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. १९३० च्या प्राग स्पर्धेपर्यंत दोन हातांचा प्रकार गेला आणि तिथून पुढचे आकडे एका फेकीचे म्हणून वाचावेत.

वेळांचे शेवटचे आकडे नेहमी सम का दिसतात?

वरची यादी पुन्हा पाहा: ७.६, १२.०, ४४.८, ३:१२.०, १४.४, ५१.८. एकही विषम दशांश नाही. १९२८ च्या ॲमस्टरडॅममध्येही तेच: १२.२, २:१६.८, ४८.४. कारण साधं आहे. हातातली स्टॉपवॉच सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत मोजायची, म्हणजे एक टप्पा ०.२ सेकंदाचा. ७.५ किंवा ७.७ ही वेळ अशा घड्याळावर उमटूच शकत नाही. १९३० च्या दशकात दशांश सेकंद रूढ झाल्यावर विषम आकडे दिसू लागतात: १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची विजयी वेळ ११.९ आणि ८० मीटर अडथळ्यांची ११.७.

याचा उपयोग असा: १९२० च्या दशकातली अशा स्पर्धेची वेळ कुणी ‘१२.३’ दिली असेल, तर ती आकडेमोड करून बदललेली आहे का हे तपासावं. शिवाय हातघड्याळावर वेळाधिकारी पिस्तुलाचा धूर पाहून बटण दाबतो, त्यामुळे कमी अंतराच्या शर्यतीत वेळ प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी भरते. आजच्या इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना साधारण पाव सेकंद वाढवून धरण्याची रीत आहे. ६० मीटरला पाव सेकंद म्हणजे फार मोठा फरक, हे विसरू नये.

यार्ड आणि मीटर यांचा हिशेब कसा ठेवायचा?

१ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. १०० यार्ड = ९१.४४ मीटर, २२० यार्ड = २०१.१७, ८८० यार्ड = ८०४.६७. म्हणजे ८८० यार्ड ही ८०० मीटरपेक्षा साडेचार मीटरहून जास्त लांब शर्यत आहे. ४×११० यार्ड रिले मात्र ४×१०० मीटर नव्हे; एकूण ४०२.३४ मीटर होतात.

१२.० सेकंदांत १०० यार्ड धावलेल्या कॅलबाउटचा सरासरी वेग सेकंदाला ७.६२ मीटर. १९२८ मध्ये १२.२ सेकंदांत १०० मीटर धावलेल्या बेटी रॉबिन्सनचा ८.२ मीटर. आकडे शेजारी ठेवले तर रॉबिन्सन हळू वाटते. वेग काढला की चित्र उलटतं.

सुरुवात, ट्रॅक, अडथळे हे कसं असायचं?

स्टार्टिंग ब्लॉक नव्हते. प्रत्येक धावपटू छोटं खुरपं घेऊन कोळशाच्या राखेच्या ट्रॅकमध्ये पायांसाठी दोन खळगे खणायची. खळगा सैल झाला की पहिलंच पाऊल घसरायचं. ऑलिम्पिकमध्ये ब्लॉक आले ते थेट १९४८ ला. चुकीच्या सुरुवातीचा नियम सौम्य होता: पहिली चूक माफ, दुसरीला बाहेर. तरीही १९२८ च्या १०० मीटर अंतिम फेरीत कॅनडाची मर्टल कुक आणि जर्मनीची लेनी श्मिट या दोघी त्याच नियमाने बाद झाल्या.

पुढे रूढ झालेल्या ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ अडथळे, उंची ७६.२ सेंटिमीटर, पहिल्या अडथळ्यापर्यंत १२ मीटर, मधली अंतरं ८ मीटर आणि शेवटी १२ मीटर. उंच उडीत कात्रीच्या पद्धतीने उडी मारून वाळूत पायांवर उतरायचं. पाठीवर पडणं परवडणारं नव्हतं.

‘ऑलिम्पिक’ हे नाव का सोडावं लागलं?

१९२२ ची पॅरिस स्पर्धा ‘महिला ऑलिम्पिक’ म्हणून जाहीर झाली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती चिडली. ज्यांना आत घ्यायचं नाही त्यांनी नावही वापरायचं नाही, असा तो मामला. शेवटी सौदा ठरला. एफएसएफआयने नाव बदलून ‘महिला जागतिक स्पर्धा’ केलं आणि १९२६ मध्ये आयएएएफने हेगच्या बैठकीत १९२८ च्या ऑलिम्पिकला महिलांच्या मोजक्या मैदानी शर्यती घ्यायला संमती दिली. महिलांनी नाव दिलं आणि बदल्यात दार किलकिलं झालं. सौदा फायद्याचा होता का, यावर दोन मतं आहेत. पुढचा घटनाक्रम पाहता तो महाग पडला असंच म्हणावं लागतं.

किनुए हितोमीचं नाव सारखं का येतं?

कारण ती एकटीच जपानहून आली आणि सगळ्यांना भारी पडली. जन्म १९०७, ओकायामा प्रांत. ओसाकाच्या माइनिची वृत्तपत्रात नोकरी. ऑगस्ट १९२६ मधल्या गोथेनबर्गच्या स्पर्धेसाठी ती सायबेरियाच्या रेल्वेने युरोपात पोचली. स्लॉट्सस्कूग्सव्हालेन मैदानावर तिने लांब उडी ५.५० मीटरच्या विश्वविक्रमासह जिंकली, जागेवरून लांब उडी जिंकली, थाळीफेकीत दुसरी आणि १०० यार्डांत तिसरी आली. वैयक्तिक सर्वोत्तम खेळाडूचा मानही तिचाच.

१९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये लांब उडी नव्हतीच. म्हणजे तिचा सर्वांत भक्कम प्रकार कार्यक्रमातून गायब. १०० मीटरच्या उपांत्य फेरीत ती बाद झाली. मग पूर्वी स्पर्धेत कधीच न धावलेल्या ८०० मीटरमध्ये उतरली आणि रौप्यपदक घेऊन गेली. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली जपानी महिला. १९३० ला प्रागमध्ये ती छोट्या जपानी संघाची प्रमुख होती आणि लांब उडी ५.९० मीटर मारून पुन्हा जिंकली. २ ऑगस्ट १९३१ ला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला. प्रागच्या ओल्शानी दफनभूमीत तिच्या स्मरणार्थ फलक आहे.

१९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये ब्रिटिश महिला धावपटू का नव्हत्या?

बहिष्कार. एफएसएफआयने पूर्ण कार्यक्रम मागितला होता. मिळाले पाच प्रकार: १०० मीटर, ८०० मीटर, ४×१०० रिले, उंच उडी, थाळीफेक. पुरुषांना २२ प्रकार होते. ब्रिटनच्या महिला ॲथलेटिक संघटनेने ‘एवढ्यावर भागणार नाही’ म्हणत संघच पाठवला नाही. त्या वेळच्या सर्वांत बळकट संघांपैकी हा एक, त्यामुळे ॲमस्टरडॅमचे निकाल वाचताना ही गैरहजेरी हिशेबात धरावी.

विजेत्या: थाळीफेकीत पोलंडची हालिना कोनोपात्स्का, ३९.६२ मीटर, विश्वविक्रम (मैदानी खेळांतली पहिली महिला ऑलिम्पिक विजेती हीच). १०० मीटरमध्ये अमेरिकेची १६ वर्षांची बेटी रॉबिन्सन. उंच उडीत कॅनडाची एथेल कॅथरवुड, १.५९ मीटर, रिलेत कॅनडा, आणि ८०० मीटरमध्ये जर्मनीची लीना राड्के.

८०० मीटरच्या शेवटी धावपटू खरंच कोसळल्या का?

नाही, निदान जसं लिहिलं गेलं तसं तर मुळीच नाही. काही वृत्तपत्रांनी लिहिलं की ११ जणी धावल्या, पाच जणींनी शर्यत सोडली आणि पाच जणी रेषेपाशी कोसळल्या. निकालपत्रक सांगतं की २ ऑगस्टच्या अंतिम फेरीत ९ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ पोचल्या. राड्के २:१६.८, हितोमी २:१७.६, स्वीडनची इंगा गेन्ट्सेल २:१८.८. शर्यतीआधी विश्वविक्रम राड्केच्याच नावावर २:१९.६ होता, म्हणजे पहिल्या तिघींनी तो मोडला. जिथे धावपटूंचा आकडाच चुकला आहे, तिथे बाकीच्या वर्णनावर किती भरवसा ठेवायचा?

काही जणी रेषेपलीकडे गवतावर आडव्या झाल्या, हे खरं. ८०० मीटर ही अंतर आणि वेग दोन्ही मागणारी शर्यत. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये स्नायूंना लागणारी ऊर्जा श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूवर भागत नाही. पाय जड होतात, धाप लागते, आणि थांबल्यावर पायांत साचलेलं रक्त लगेच वर न आल्याने भोवळ येते. आडवं पडलं की बरं वाटतं. आजही कुठल्याही जिल्हा स्पर्धेत ८०० मीटरनंतर मुलंमुली गवतावर पडलेली दिसतील. त्याच ॲमस्टरडॅममध्ये दमून पडलेल्या पुरुषांवरून कुणी त्यांची शर्यत बंद करा म्हटलं नाही.

शिवाय आदल्याच दिवशी प्राथमिक फेऱ्या झाल्या होत्या, आणि हितोमीसारख्या काही जणींना या अंतराचा सरावच नव्हता. हा आयोजनाचा आणि तयारीचा प्रश्न होता. पण निष्कर्ष काढला गेला तो बायकांच्या शरीराबद्दल. १९३२ च्या कार्यक्रमातून ८०० मीटर गेली आणि परतली १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये, जिथे सोव्हिएत संघाच्या ल्युडमिला शेव्हत्सोवाने ती २:०४.३ मध्ये जिंकली. बत्तीस वर्षं.

महिलांच्या स्वतःच्या स्पर्धेत मात्र ८०० मीटर थांबली नाही. १९३० ला प्रागमध्ये ब्रिटनच्या ग्लॅडिस लनने ती जिंकली. १९३४ ला लंडनमध्येही ती झाली.

प्राग आणि लंडनच्या स्पर्धा आधीपेक्षा किती मोठ्या होत्या?

प्राग, ६ ते ८ सप्टेंबर १९३०: १७ देश, दोनशेहून अधिक खेळाडू. पोलंडच्या स्तानिस्वावा वालाशेविचने ६०, १०० आणि २०० मीटर तिन्ही जिंकले. लंडन, ९ ते ११ ऑगस्ट १९३४, व्हाइट सिटी स्टेडियम: १९ देश. जर्मनीचा वरचष्मा, गिझेला माउअरमायरने गोळा १३.६७ मीटर फेकला आणि पंचक्रीडाही जिंकली.

इथे एक सापळा आहे. ४ ते ११ ऑगस्ट १९३४ याच आठवड्यात, त्याच व्हाइट सिटीवर ब्रिटिश एम्पायर गेम्सही (आजच्या राष्ट्रकुल स्पर्धांचं आधीचं रूप) चालू होते आणि त्यांत महिलांच्या मैदानी शर्यती पहिल्यांदाच होत्या. त्या यार्डांत झाल्या: आयलीन हिस्कॉकने १०० आणि २२० यार्ड जिंकले, लनने ८८० यार्ड आणि भालाफेक. त्याच महिन्यातल्या मीटरमधल्या वेळा दिसल्या तर त्या जागतिक स्पर्धेच्या. एककावरून स्पर्धा ओळखता येते.

१९३४ चा ८०० मीटरचा विक्रम आता याद्यांत का सापडत नाही?

लंडनला ८०० मीटर २:१२.४ मध्ये जिंकणारी खेळाडू चेकोस्लोव्हाकियाची झ्देन्का कोउबकोवा म्हणून नोंदली गेली. पुढे त्या खेळाडूने झ्देनेक कोउबेक या नावाने पुरुष म्हणून आयुष्य स्वीकारलं आणि विक्रम याद्यांमधून काढला गेला. त्यामुळे राड्केची १९२८ ची २:१६.८ हीच वेळ १९४४ पर्यंत विश्वविक्रम म्हणून छापली जाते. तेव्हा स्वीडनच्या आना लार्सनने २:१५.९ नोंदवली. जुन्या आणि नव्या याद्यांत १९३४ ते १९४४ या काळातला फरक दिसतो तो यामुळे.

निकालांत एकाच खेळाडूची दोन-तीन नावं दिसतात. ओळखायचं कसं?

लग्नानंतर बदललेलं आडनाव हे मुख्य कारण. लीना राड्के आधी लीना बाटशाउअर होती. कोनोपात्स्का पुढे मातुशेव्स्का. वालाशेविच अमेरिकेत वाढली, तिथे ती स्टेला वॉल्श. पण खेळली पोलंडकडून. चेक याद्यांत मेझ्लीकोवा नावापुढे रोमन ‘एक’ किंवा ‘दोन’ असतो, कारण मारी मेझ्लीकोवा नावाच्या दोन वेगळ्या खेळाडू होत्या. पॅरिसला ६० मीटर जिंकणारी ती ‘दुसरी’. शोधताना नावाबरोबर देश, प्रकार आणि वर्ष असे तिन्ही धागे हातात ठेवावेत. नुसत्या आडनावावर विसंबलं की दोन खेळाडूंची एक होते किंवा एकीच्या दोन.

एफएसएफआय आणि जागतिक स्पर्धा बंद का पडल्या?

मिलियांनी १९३० च्या दशकाच्या मध्यात टोकाची अट घातली: ऑलिम्पिकमध्ये महिलांना पूर्ण कार्यक्रम द्या, नाहीतर महिलांच्या मैदानी शर्यती पूर्णपणे आमच्याकडे सोडा. १९३६ मध्ये आयएएएफने महिलांच्या मैदानी खेळांचा कारभार स्वतःकडे घेतला, महिलांचे विक्रम मान्य करायला सुरुवात केली आणि एफएसएफआयला काम उरलं नाही. १९३८ मध्ये व्हिएन्नाला पाचवी जागतिक स्पर्धा व्हायची होती. त्याऐवजी सप्टेंबर १९३८ मध्ये तिथे महिलांची पहिली युरोपीय स्पर्धा झाली.

मोबदल्यात काय मिळालं ते आकड्यांत पाहा. ऑलिम्पिकमधले महिलांचे मैदानी प्रकार: १९२८ ला ५, १९३२ आणि १९३६ ला प्रत्येकी ६, १९४८ ला ९, १९६० ला १०. म्हणजे १९२२ ला पॅरिसमध्ये एका दिवसात झालेले ११ प्रकार ऑलिम्पिकला १९६० पर्यंतही गाठता आले नव्हते. ती संख्या ओलांडली १९६४ च्या टोकियोत, जेव्हा ४०० मीटर आणि पंचक्रीडा मिळून १२ प्रकार झाले.

त्या जागा आज पाहता येतात का?

गोथेनबर्गचं मैदान अजून वापरात आहे. लंडनचं व्हाइट सिटी १९८५ मध्ये पाडलं गेलं. मिलियांचा मृत्यू १९५७ मध्ये झाला; २०२१ मध्ये पॅरिसला फ्रेंच ऑलिम्पिक समितीच्या मुख्यालयात त्यांचा पुतळा बसवला गेला.

या काळात भारतीय महिला कुठे होत्या?

एफएसएफआयच्या चार जागतिक स्पर्धांनंतर बऱ्याच वर्षांनी भारतीय महिला धावपटू आंतरराष्ट्रीय मैदानावर ठळकपणे दिसतात, आणि त्यांत मुंबई आघाडीवर होती. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. १०० मीटरमध्ये मुंबईची रोशन मिस्त्री दुसरी आली, २०० मीटरमध्ये वांद्र्याची मेरी डिसूझा तिसरी, आणि ४×१०० रिलेत भारताला रौप्य. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला मेरी डिसूझा आणि निलिमा घोष गेल्या. ऑलिम्पिकमध्ये धावणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

दिल्लीत महिलांसाठी ९ प्रकार होते: १०० आणि २०० मीटर, ८० मीटर अडथळे, ४×१०० रिले, दोन उड्या आणि तीन फेकी. १९४८ च्या ऑलिम्पिकची यादी जशीच्या तशी उचललेली. त्यामुळे ॲमस्टरडॅमच्या त्या बातम्यांचा परिणाम इथेही पोचला: भारतीय मुलींना आशियाई पातळीवर २०० मीटरपेक्षा लांब वैयक्तिक शर्यतच उपलब्ध नव्हती. १९५४ ला मनिलात मेरी डिसूझा, स्टेफी डिसूझा, क्रिस्टीन ब्राउन आणि व्हायोलेट पीटर्स यांनी ४×१०० रिलेचं सुवर्ण जिंकलं, ४९.५ सेकंदांत.